अनामिका सामील झाली

गुरुवारी सकाळी साडेदहाला खोकं आलं. मी दारापर्यंत पोचेस्तोवर आईनं दार उघडलं होतं, सही केली होती आणि पोचवायला आलेल्या माणसाला, "एवढ्याशा वस्तूला एवढं मोठं खोकं?" असं विचारलंही होतं. तो बिचारा काय बोलणार! हसला आणि जिना उतरून गेला.

मी गेमच्या यंत्रांवर लिहिते. एका साप्ताहिकात अकरा वर्षं माझं सदर आहे, 'पहिली भेट'. नवं यंत्र बाजारात आलं की पहिल्याच दिवशी घरी आणायचं, तीन आठवडे वापरायचं आणि मग लिहायचं. बाकीची मंडळी खोक्याची चिकटपट्टी निघायच्या आधीच 'अफलातून' लिहून मोकळी होतात. मी वायरची लांबी मोजते. पंख्याच्या आवाजाला कान लावते. बटण किती दाबल्यावर बसतं ते बघते आणि सगळं वहीत उतरवते. यावरून मला कुणी खडूस म्हणालं तर म्हणू दे.

तर हे यंत्र. काळं, जाडजूड शब्दकोशाएवढं, उघडल्या उघडल्या नव्या चपलांचा वास. वायर दीड मीटर, म्हणजे सोफा ओढा नाहीतर मान मोडून घ्या. पंखा मात्र इतका शांत की तो चालू आहे का हे बघायला मला हात लावावा लागला. चित्र सुरेख. आणि खरी करामत होती ती खेळताना दोन्ही हातांत धरायच्या पॅडची. या पॅडला बटणं जवळजवळ नव्हतीच. सगळ्या अंगावर एक मऊ कातडी, आणि त्या कातडीला बोटाची ऊब आणि दाब दोन्ही कळायचं. कोणतं बोट कुठे आहे ते पडद्याच्या तळाशी दिसायचं. डावीकडे पाच ठिपके, उजवीकडे पाच. पॅडच्या पोटाशी, डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांखाली, एक लांबट पट्टी होती. एखादी गोष्ट घट्ट धरून ठेवायची असली की ती दाबायची.

ती पट्टी बघितली आणि माझ्या मनात चर्र झालं. खोकं तसंच बंद करून परत पाठवावं असंही वाटून गेलं. कारण ताई सोफ्यावरच बसली होती.

घरात आम्ही तिघी. आई, मी आणि ताई. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. गोदीतली सगळ्यात उंच क्रेन ती सतरा वर्षं चालवत होती. जहाजातले लोखंडी डबे उचलायचे आणि गाडीवर ठेवायचे, एकेक डबा आमच्या या खोलीएवढा. इतक्या अलगद ठेवायची की गाडीत बसलेल्या ड्रायव्हरला डबा आल्याचं कळायचं नाही. तो खाली उतरून बघायचा. चार महिन्यांपूर्वी साखळी तपासताना तिचा डावा हातमोजा साखळीत सापडला. शेवटची दोन बोटं गेली.

नव्या क्रेनच्या डाव्या दांड्यालाही खालून अशीच पट्टी असते. क्रेन चालते आहे तोवर ती शेवटच्या दोन बोटांनी दाबून धरायची. सुटली की क्रेन जागच्या जागी उभी. वर बसलेल्याला भोवळबिवळ आली तर खालची माणसं मरू नयेत म्हणून ती सोय. ताईनं तळहातानं दाबून बघितलं, फडकं गुंडाळून बघितलं, पण मग मनगट अडायचं आणि दांडा हलायचा नाही. मुकादमानं तिला तीन आठवड्यांनंतरची परीक्षेची तारीख दिली होती. पास झाली तर क्रेन. नाही झाली तर गोदामाच्या खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पास फाडून द्यायचे, पार निवृत्त होईपर्यंत. ताई म्हणायची, त्यापेक्षा मला पाण्यात ढकला.

घरात तेव्हा बोटांची बोलणी बंद झाली होती. कुणी बंद केली नव्हती, आपोआप झाली होती. आपण बोलताना किती वेळा बोटांचं नाव काढतो ते मला त्या चार महिन्यांत कळलं. आई शेजारणीचं काहीतरी रंगवून सांगत होती, "आणि मी तर बाई तोंडात बो..." इथवर आली आणि एकदम पाणी प्यायला उठली. मी एका लेखात 'बोट ठेवायला जागा नाही' असं लिहिलं आणि खोडून टाकलं.

तर पडद्यावर अक्षरं आली. 'दहाही बोटं पॅडवर ठेवा.' मी ठेवली, दहा ठिपके उजळले. मग त्यानं नाव विचारलं.

"शहाणी लिही," ताई सोफ्यावरून म्हणाली. ती मला लहानपणापासून शहाणे म्हणते आणि ते काही कौतुकानं नाही.

मी लिहिलं. तिनं निदान एवढं तरी बोललेलं बघून मला हुरूप आला आणि मी माती खाल्ली. पॅड तिच्यापुढे धरलं.

"मला नको तुझी खेळणी."

"अगं, धरून तर बघ. वजनाला कसं वाटतं सांग. मला लिहायचं आहे."

तिनं धरलं. आठ ठिपके लागले. पडद्यावर आलं, 'दोन बोटं मिळाली नाहीत. पुन्हा ठेवा.' तिनं हात उचलून पुन्हा ठेवला. 'दोन बोटं मिळाली नाहीत. पुन्हा ठेवा.' मी घाईघाईनं पॅड ओढायला गेले, तर तिनं सोडलं नाही. तिसऱ्यांदा ठेवला. तिसऱ्यांदा तेच.

"त्याला म्हणावं, गोदीत जाऊन शोध," ताई म्हणाली.

"अगं, काय हे!" आतून आई ओरडली.

ताई हसली. पण पॅड माझ्या मांडीवर टाकून खोलीत निघून गेली आणि जेवायलाच बाहेर आली. मी मुकाट्यानं 'आठ बोटांनी खेळा' हा पर्याय शोधला, तो निवडला आणि पुढे नाव लिहून ठेवलं, 'ताई'. कशासाठी ते माझं मलाच माहीत नव्हतं. वाटलं, असू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक खेळ लावून बसले होते. उंच मनोरा, त्याच्या टोकाला एक अजस्र घंटा, ती दोरानं खाली अंगणात उतरवायची. अट एकच, घंटा वाजता कामा नये. मी चौदा वेळा वाजवली. शेजारच्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

"दोर असा सोडतात होय?" मागून आवाज आला. ताई दारात उभी होती. "घंटा झुलते आहे, दिसत नाही का? आधी तिच्या मागे मागे जा. झोका मेला की मग सोड."

"मग तूच ये."

ती आली. येणारच होती, अर्धा तास दारात उभी होती ती. पॅड धरलं, दोर सोडायला लागली आणि मी वहीच बंद केली. ही बाई काय चीज आहे ते मी विसरले होते. घंटा अशी उतरत होती की जणू तिला स्वतःलाच खाली यायचं होतं. पण अंगण जवळ आलं की दोर घट्ट धरायला ती पोटाची पट्टी दाबावी लागायची. ताईनं तळहात सरकवला, मनगट वळलं आणि घंटा वाजली. दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

चौथ्या वेळी घंटा जमिनीपासून हातभर वर असताना पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं आली.

'अनामिका सामील झाली.'

तळाशी दहा ठिपके होते. घंटा खाली आली. टेकली. आवाज नाही. फक्त तिच्याखालचं गवत चहूबाजूंनी आडवं झालं.

"काय म्हणतंय ते?" ताईनं विचारलं.

"बोटाचं नाव आहे," मी म्हणाले. "करंगळीच्या शेजारचं नाही का, अनामिका. ते सापडलं वाटतं त्याला."

"आणि करंगळीचं नाव घ्यायला विसरलं मेलं!" असं म्हणून ताईनं खाली बघितलं. ठिपके दोन्ही लागलेले होते. तिनं आपल्या हाताकडे बघितलं. मग ती अशी काही ओरडली, की आई ओल्या हातानं धावत आली.

"काय झालं? काय पडलं?"

"काही पडलं नाही! तेच तर!" ताई म्हणाली. "आई, बघ, मी घंटा ठेवली. आवाज न करता ठेवली!"

तिनं पुन्हा करून दाखवलं. पुन्हा आवाज नाही. आई पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी तर बाई तोंडात बोटंच घातली!" पूर्ण म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिघीही इतक्या हसलो की डोळ्यांत पाणी आलं. चार महिन्यांत आमच्या घरात असा आवाज झाला नव्हता.

आता मी काही खुळी नाही. हसून झाल्यावर माझं डोकं ठिकाणावर आलं आणि मी तपासायला बसले. कातडीवर घाम बसला असेल म्हणून पॅड पुसलं. मी माझी दोन बोटं दुमडून धरलं, आठ ठिपके. ताईनं धरलं, दहा. खोक्यातलं दुसरं पॅड काढलं. मी आठ, ताई दहा. यंत्र बंद करून, वायर काढून, तासाभरानं परत चालू केलं. तेच. तपासणीच्या पानावर प्रत्येक बोटाची ऊब आकड्यात दिसते. ताईची आठ बोटं तेहतीस-चौतीस अंश होती. उरलेली दोन अकरा. खोलीत त्या वेळी सव्वीस होतं, भिंतीवर आईचा तापमापक आहे.

मी आकडा वहीत लिहिला आणि पुढे लिहिलं, 'मोजण्यात चूक'.

"तुला काय वाटतं पण?" मी ताईला विचारलं. "तिथे काही जाणवतं का?"

ती विचार करून म्हणाली, "जड पेटी उचलताना पलीकडून कुणी हात लावला की कसं वाटतं? तसं."

पुढचे दोन आठवडे आमच्या घरात दिवाणखान्याची गोदी झाली होती. ताई सकाळी उठून, अंघोळ करून, केस घट्ट बांधून कामावर जावं तशी पॅडपुढे बसायची. घंटेचे चाळीस मनोरे होते, ते तिनं पाच दिवसांत संपवले. मग बोटीतून काचेची झुंबरं उतरवायचा खेळ होता, तो संपवला. त्या खेळात जगभरच्या खेळाडूंची यादी असते. सोमवारी ताई नऊशेव्या जागी होती, शुक्रवारी बाराव्या आणि रविवारी दुपारी पहिल्या. आईनं त्या पडद्याचा फोटो काढून अख्ख्या गोतावळ्याला पाठवला. मामाचं उत्तर आलं, 'ही कोणती परीक्षा?' आईनं लिहिलं, 'तुला नाही कळायचं.'

ताईचा आवाज परत आला होता, भूक परत आली होती. मला टोमणे मारणंही परत आलं होतं. मी एकदा घंटा वाजवली तर म्हणाली, "शहाणे, तू लिहिण्याचंच बघ." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कपाळावर आठी आणून मी आत गेले आणि तिथे एकटीच हसले.

मंगळवारी दुपारी मी ते करायला नको होतं. पण इतक्या वर्षांची खोड. ताई हात धुवायला गेली तेव्हा मी पॅडच्या पट्टीवर चेहऱ्याला लावायची पावडर भुरभुरली, पातळ थर. ती परत आली, एक झुंबर उतरवलं, जगातलं सगळ्यात अवघड झुंबर, आणि "जमलं!" म्हणून पॅड ठेवून आईला सांगायला गेली.

मी पॅड उलटं केलं. पावडर दोन ठिकाणी दबली होती. बोटांचे ठसे होते, स्पष्ट, रेषांसकट.

ताईची बोटं आखूड आणि जाड आहेत, आमच्या वडिलांसारखी. हे ठसे अरुंद होते, आणि इतके पुढे गेले होते की पट्टीच्या पलीकडच्या टोकाला पोचले होते. ताईची बोटं असती तरी तिथवर पोचली नसती.

मी बाहीनं पावडर पुसून टाकली. वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे. घाबरले होते का? हो, घाबरले होते. आतून आई आणि ताईचं हसणं ऐकू येत होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी लेख लिहायला घेतला. किती तास खेळलो ते लिहावं म्हणून खेळाडूंची यादी उघडली. अकरा वर्षांत अशा शेकडो याद्या बघितल्या असतील. हिच्यात तीन ओळी होत्या.

शहाणी. नऊ तास. बोटं दहा.

ताई. एकशे सहा तास. बोटं आठ.

अनामिका. एकशे सहा तास. बोटं दोन.

मी ते तीनदा वाचलं. मग पॅडची माहितीपुस्तिका काढली, जी कुणी काढत नाही, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. त्यात बोटांना नावं नव्हतीच. डावं एक, डावं दोन, डावं तीन, डावं चार, डावं पाच. अनामिका हा शब्द कुठेच नव्हता. सामील होणं मात्र होतं. 'नवा खेळाडू आला की पडद्यावर सूचना येते.'

तिसऱ्या ओळीवर मी खूण नेली. चौकट आली.

'अनामिका यांना काढून टाकायचं आहे?'

खाली हो आणि नको. माझा अंगठा 'हो'वर होता. दाबलं की पडद्यावरून एक ओळ जाणार, आणखी काय जाणार ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परीक्षा होती.

"शहाणे," आतून ताईची हाक आली. "उद्या खालून नीट बघ हं मला. नाहीतर बसशील वही घेऊन."

"बघीन," मी म्हणाले, आणि 'नको' दाबलं.

गोदीच्या फाटकाशी मुकादम भेटला. बुटका माणूस, सतत ओरडून ओरडून घसा बसलेला. ताईला म्हणाला, "हट्ट सोड. खिडकीत पंखा आहे, सावली आहे."

"सावलीत तुम्ही बसा," ताई म्हणाली आणि शिडी चढायला लागली. एकशे चाळीस पायऱ्या. एकदाही थांबली नाही.

परीक्षा अशी होती. जहाजावरचा एक डबा उचलायचा, त्याच्या टपावर काठोकाठ भरलेली पाण्याची बादली. डबा धक्क्यावर आखलेल्या पिवळ्या चौकोनात उतरवायचा. पाणी सांडता कामा नये. खाली टेबलाशी तपासनीस बसला होता. त्याच्यासमोर एक छोटा पडदा, त्यावर केबिनमधला दांडा दिसत होता, आणि बाजूला एक दिवा. पट्टी दाबलेली असली की हिरवा, सुटली की लाल.

आई माझा दंड धरून उभी होती. अख्खी पाळी काम सोडून जमली होती. मी त्या पडद्याकडे बघत होते. इथे यंत्र नव्हतं, पॅड नव्हतं, मऊ कातडी नव्हती. हे लोखंड होतं. इथे काही झालं नाही तर बरं, असं मला वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. कारण काही झालं नाही तर खिडकी होती.

ताईचा हात पडद्यावर आला. दांड्याला धरला. तीन बोटं. त्यांच्या खाली मोकळी जागा, आणि मोकळ्या जागेखाली पट्टी, वर आलेली.

दिवा लाल.

"बघ, मी म्हणत होतो," मुकादम म्हणाला.

पट्टी खाली गेली.

कुणी हात लावला नव्हता. ती दबली, शेवटपर्यंत दबली, आणि तशीच राहिली.

दिवा हिरवा.

तपासनिसानं पडद्यावर टिचकी मारली. दिव्याची वायर हलवून बघितली. दिवा हिरवाच.

वर डबा उचलला गेला.

वारा होता. डबा झुलला, आणि क्रेन त्याच्या मागे मागे गेली, आईनं रांगत्या पोराच्या मागे जावं तशी. झोका मेला. डबा खाली यायला लागला. मी बादली बघत होते. तिच्या कडेवरून एक थेंबही ओघळत नव्हता.

दोन माणसांची उंची. एका माणसाची. हातभर.



डबा टेकला. टेकल्याचा आवाज आला नाही. पिवळी रेघ चारही बाजूंना सारखी दिसत होती.

मुकादम शिडी लावून टपावर चढला. बादलीच्या भोवती तळहात फिरवला, पुन्हा फिरवला. मग हात वर करून आम्हाला दाखवला.

"कोरडा!" तो ओरडला. त्या बसलेल्या घशातून काय आवाज निघाला! "कोरडा ठणठणीत!"

आणि मग गोदीतल्या सगळ्या क्रेनचे भोंगे एकदम वाजायला लागले. एक, दोन, सात. धक्क्यावरच्या गाड्यांनी त्यात हॉर्न मिसळले. माणसं टोप्या उडवत होती. आई भर धक्क्यावर एका अनोळखी वेल्डरच्या गळ्यात पडून रडत होती आणि तो तिची पाठ थोपटत होता. मीही ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही, पण दोन दिवस माझा घसा मुकादमासारखा झाला होता.

ताई खाली उतरली. मुकादमानं तिला विचारलं, "खरं सांग, पट्टी कशानं दाबलीस?"

"हातानं," ताई म्हणाली.

तो तिच्या हाताकडे बघत राहिला. मग हसायलाच लागला. "सोमवारपासून ये. सकाळची पाळी."

ताई गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. चेहरा लालबुंद, केस सुटलेले. तिनं डाव्या हातानं माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर उंच उचलला. टाळ्या आणखी वाढल्या.

"बघितलंस ना, शहाणे? नीट बघितलंस?"

"बघितलं," मी म्हणाले. "बघितलं, ताई."

तिची तीन बोटं गरम होती, घामानं ओली. त्यांच्याखाली दोन गार होती. ती असणार हे मी गृहीत धरलं होतं. माझी ताई क्रेनवर परत आली होती आणि मी त्या दोघींचा, जे काय ते, हात घट्ट धरून ठेवला. मी हसत होते, रडत होते. तीही.

तपासनिसानं सहीसाठी तिला हाक मारली. तिनं माझा हात सोडला आणि वळली. तीन बोटं सुटली. गार दोन जरा मागे राहिली. ती माझ्या हातावरून सावकाश निघाली, आणि त्यातल्या एका बोटाबरोबर काहीतरी गोल, कडक माझ्या पेरांवरून घासत गेलं.

गोदीत पहिल्या दिवशी सांगतात, अंगठी घरी ठेवून या. लोखंडात अडकली की बोट घेऊन जाते. ताईनं जन्मात कधी अंगठी घातलेली नाही.